दुभंगलेले नगर : निकोसिया

भांडणाचा निवाडा करावयास बसलेला पंच दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकल्यावाचून उठत नाही, ही गोष्ट आपल्याकडे खेडेगावातील मुलासही ठाऊक असते. परंतु इतिहास व भूगोल यांचा अभ्यास करिताना हाच साधा नियम आपण पुष्कळदा विसरतो. एका पुस्तकात जे छापले असेल तेच संपूर्ण सत्य असे मानून आपण उत्तरपत्रिका भरतो आणि गुणही मिळवितो. यास्तव जेथे एका मोठ्या भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच दिवसात पायी हिंडून पाहता येतात, अशा एका नगराचा परिचय विद्यार्थिवर्गास व त्यांच्या पालकांस करून द्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. ते नगर म्हणजे सायप्रस बेटाची राजधानी निकोसिया होय. बर्लिन नगरास दुभंगणारी भिंत १९८९ साली पडली. निकोसियास दुभंगणारी रेघ मात्र अद्याप पुसली गेलेली नाही. हे नगर दोन्ही बाजूंनी पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे पाहिले व त्यानिमित्ताने जे वाचले, ते येथे संक्षेपाने देत आहो.

स्थान व नाव

सायप्रस हे भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातील बेट. सिसिली व सार्डिनिया यांच्या खालोखाल त्या समुद्रात हेच मोठे असून त्याचे क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर आहे. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ज्यास कुप्र म्हटले आहे ते हेच बेट. पौलाचा सोबती बर्णबा हा मूळचा येथला. बेटाच्या उत्तर किनाऱ्यालगत डोंगरांची एक अरुंद रांग आहे, नैऋत्येस त्रूदोस नावाचा उंच पर्वत आहे आणि या दोहोंमधील सपाट मैदानात, समुद्रापासून दूर, निकोसिया वसले आहे.

येथे दोन भाषा नांदतात. ग्रीक बोलणारे लोक नगरास लेफ्कोसिया म्हणतात, तुर्की बोलणारे लेफ्कोशा म्हणतात. उत्तरेकडील डोंगररांगेत एका शिखराचा आकार हाताच्या बोटांसारखा दिसतो. त्यास ग्रीक भाषेत पेन्टाडाक्टिलोस व तुर्की भाषेत बेशपार्माक अशी नावे आहेत, आणि दोन्ही नावांचा अर्थ एकच, तो म्हणजे 'पाच बोटे'. ग्रीकातील 'पेन्टा' आणि आपले 'पंच' हे एकाच भाषाकुलातील भाऊ आहेत, हे आमच्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

मराठी मनुष्यास या नगरात आणखीही एक गंमत आढळते. दक्षिण भागात नगराचा मध्य दाखविणाऱ्या पाटीवर 'केंत्रो' असा शब्द असतो. आपल्या भूमितीतले व ज्योतिषातले 'केंद्र' हे प्राचीन काळी याच ग्रीक शब्दावरून संस्कृतात आले. उत्तर भागात चौकाच्या पाटीवर 'मेयदान' असते. ते तर आपले 'मैदान'च. म्हणजे रेघेच्या दोन्ही अंगांस आपल्याच घरातले शब्द आपल्याला भेटतात.

तटबंदीचे वर्तुळ

जुने निकोसिया एका वाटोळ्या तटाच्या आत आहे. इ. स. ११९२ पासून जवळजवळ तीनशे वर्षे या बेटावर लुझिन्यान या फ्रेंच घराण्याचे राज्य होते. पुढे १४८९ साली ते व्हेनिसच्या ताब्यात गेले. तुर्कांची स्वारी येणार हे ओळखून व्हेनिसच्या अधिकाऱ्यांनी १५६७ साली जुना तट पाडून नवा बांधण्यास प्रारंभ केला. त्याचा घेर सुमारे पाच किलोमीटर असून त्यास बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले अकरा बुरूज व तीन वेशी ठेविल्या. परंतु काम पुरते होते न होते तोच तुर्कांचा वेढा पडला आणि ९ सप्टेंबर १५७० रोजी नगर त्यांच्या हाती गेले.

आज या अकरा बुरुजांची वाटणी पाहण्याजोगी आहे. पाच दक्षिण भागात आहेत, पाच उत्तर भागात आहेत आणि एक दोहोंमधील निर्मनुष्य पट्ट्यात आहे. शत्रू बाहेरून येईल म्हणून तट बांधला. पण आज नगरास दुभंगणारी रेघ तटाच्या आतून, बाजाराच्या मधोमध गेली आहे.

रेघ कशी पडली

तुर्कांनंतर १८७८ साली इंग्रजांचा अंमल आला. त्या वेळी बेटातील बहुसंख्य लोक ग्रीक भाषा बोलणारे ख्रिस्ती होते, आणि तुर्की बोलणारे मुसलमान हे अल्पसंख्य होते. १९६० च्या सुमारास त्यांचे प्रमाण शेकडा अठरा होते. पुष्कळ गावांत दोघांची घरे शेजारीशेजारी असत.

इंग्रजांच्या विरुद्ध १९५५ साली सशस्त्र लढा सुरू झाला. ग्रीक पुढाऱ्यांना बेट ग्रीस देशास जोडावयाचे होते. या मागणीस 'एनोसिस' म्हणत. तुर्की पुढाऱ्यांना बेटाची वाटणी हवी होती. तिला 'ताक्सिम' म्हणत. आपल्या कोकणात खोतीच्या कागदपत्रांत हिस्सा या अर्थाने जो 'तक्षीम' शब्द येतो, तो याच मूळ अरबी शब्दापासून झालेला आहे. मौज अशी की, या दोन्ही मागण्यांत स्वतंत्र सायप्रस हे ध्येय नव्हते. आणि १६ ऑगस्ट १९६० रोजी मिळाले ते स्वतंत्र सायप्रस! राज्यघटनेने राष्ट्राध्यक्ष ग्रीक व उपराष्ट्राध्यक्ष तुर्की असावा असे ठरविले आणि महत्त्वाच्या बाबतींत दोघांसही नकाराचा अधिकार दिला. ग्रीस, तुर्कस्तान व ब्रिटन हे तीन देश या व्यवस्थेचे जामीनदार झाले.

कागदावर समतोल दिसणारी ही व्यवस्था तीन वर्षेच टिकली. राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप माकारिओस यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये घटनेत तेरा दुरुस्त्या सुचविल्या. आपले हक्क जाणार असे तुर्की पक्षास वाटले. आणि डिसेंबरात निकोसियाच्या रस्त्यांवर गोळीबार सुरू झाला. शस्त्रे थांबविण्यासाठी ३० डिसेंबर १९६३ रोजी मेजर जनरल पीटर यंग या इंग्रज सेनापतीने नगराच्या नकाशावर एक रेघ ओढली. पेन्सिल हिरव्या रंगाची होती, म्हणून तिचे नाव 'हिरवी रेघ' पडले. त्या गडबडीत ओढलेली ती रेघ साठ वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. त्या धामधुमीत सुमारे पंचवीस हजार तुर्की सायप्रसवासीयांना घरेदारे सोडून आपापल्या वेगळ्या वस्त्यांत आश्रय घ्यावा लागला.

दुसरा व मोठा आघात १९७४ साली झाला. ग्रीसमधील लष्करी सत्ताधाऱ्यांच्या चिथावणीने १५ जुलै रोजी माकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी, २० जुलै रोजी, तुर्कस्तानचे सैन्य बेटावर उतरले. ऑगस्टच्या मध्यास लढाई थांबली तेव्हा बेटाचा एक-तृतीयांशाहून अधिक उत्तर भाग त्या सैन्याच्या ताब्यात होता. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रसवासी उत्तरेकडून दक्षिणेस आले. चाळीस हजारांहून अधिक तुर्की सायप्रसवासी दक्षिणेकडून उत्तरेस गेले. नगरातली रेघ आता सबंध बेटावर पसरली. दोन सैन्यांमध्ये राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालील सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा आहे. कोठे त्याची रुंदी सात किलोमीटरांपर्यंत आहे, तर निकोसियात एके ठिकाणी तो चार मीटरही रुंद नाही. उत्तरेने १५ नोव्हेंबर १९८३ रोजी आपण निराळे राष्ट्र असल्याचे जाहीर केले. परंतु तुर्कस्तानवाचून कोणत्याही देशाने त्यास मान्यता दिली नाही.

दक्षिण भाग

दक्षिण भागातील प्रमुख पेठ म्हणजे लेद्रा मार्ग. हा रस्ता पायी चालणाऱ्यांसाठीच राखलेला असून दुतर्फा कापडाची, जोड्यांची व मिठाईची दुकाने आहेत. व्यवहार युरो नाण्यात चालतो. जवळच फानेरोमेनी हे मोठे ग्रीक देवालय आहे आणि थोड्या अंतरावर आर्चबिशपांच्या वाड्याशेजारी सेंट जॉनचे लहानसे जुने देवालय आहे. त्याच भागात ओमेरिये नावाची मशीदही आहे. ती मूळची ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंची. तुर्की अमलात तिची मशीद झाली, आणि आजही तेथे नमाज चालतो.

पेठेतून उत्तरेकडे चालत असता आडव्या गल्ल्यांकडे लक्ष ठेवावे. एखाद्या गल्लीत दहा-वीस पावले टाकावीत तो समोर मातीची पोती, गंजलेली तेलाची पिंपे व तारा यांनी रस्ता बुजविलेला दिसतो. पलीकडे ओसाड घरे, मोडक्या खिडक्या, छपरांतून उगवलेली झाडे. 'छायाचित्र काढू नये' अशी पाटी असते. या बाजूस चहापानाच्या खुर्च्या मांडल्या आहेत, मुले खेळत आहेत, आणि गल्लीच्या शेवटी १९७४ सालीच थांबलेले जग उभे आहे. मान वर करून उत्तरेकडे पाहावे तर पाच बोटांच्या डोंगराच्या रांगेत, उतारावर, उत्तरेच्या राज्याचे प्रचंड निशाण रंगविलेले दिसते. दक्षिणेत राहणाऱ्यास ते रोज दिसते.

रेघ ओलांडणे

कित्येक वर्षे सामान्य माणसास ही रेघ ओलांडण्याची मुभा नव्हती. २३ एप्रिल २००३ रोजी लेद्रा पॅलेस या जुन्या हॉटेलाजवळचा रस्ता प्रथम उघडला. त्या दिवशी व पुढील काही दिवसांत सहस्रावधी लोक पलीकडे गेले. पुष्कळांनी आपल्या सोडलेल्या घरांची दारे ठोठावली व आत राहणाऱ्यांकडे आपले जुने घर पाहू देण्याची विनंती केली. लेद्रा मार्गावरील वाट ३ एप्रिल २००८ रोजी मोकळी झाली.

आज प्रवाशास पारपत्र दाखवून ही वाट पायी ओलांडता येते. आधी एक चौकी, मग निर्मनुष्य पट्ट्यातील थोडी पावले, मग दुसरी चौकी. पाच-दहा मिनिटांत सर्व आटोपते. मात्र दक्षिणेचे सरकार उत्तरेच्या विमानतळावरून बेटात शिरणे कायदेशीर मानीत नाही. म्हणून जाणाऱ्याने लार्नाका अथवा पाफोस येथूनच प्रवेश करावा व निघण्यापूर्वी त्या वेळचे नियम नीट विचारून घ्यावेत.

मध्यंतरी या नगरात काळाचीही फाळणी झाली होती. २०१६ च्या हिवाळ्यात तुर्कस्तानने घड्याळे मागे न घेण्याचे ठरविले व उत्तर भागाने त्याचे अनुकरण केले. त्यामुळे २०१६-१७ चा सबंध हिवाळा, रस्त्याच्या या टोकास एक वेळ व त्या टोकास एक तास पुढची वेळ, अशी स्थिती होती. पुढील वर्षी ही अडचण दूर झाली.

उत्तर भाग

पलीकडे पाऊल टाकताच पाट्यांची लिपी बदलते. ग्रीक अक्षरे जाऊन रोमन अक्षरांतील तुर्की येते. नाणे तुर्की लिरा होते. पण घरांचे पिवळसर दगड, लाकडी सज्जे व अरुंद गल्ल्या अगदी तशाच. थोडे पुढे गेल्यावर 'ब्युयुक हान' म्हणजे 'मोठी सराई' लागते. ही दुमजली दगडी सराई १५७२ साली बांधण्यास घेतली. चौकात खांबांवर उभी असलेली एक लहानशी मशीद आहे व भोवती अडुसष्ट खोल्या आहेत. पूर्वी यांत व्यापारी उतरत. इंग्रजी अमलात काही काळ येथे तुरुंग होता. आता कारागिरांची दुकाने आहेत.

तेथून जवळच सेलिमिये मशीद आहे. हे मूळचे सेंट सोफिया नावाचे प्रधान देवालय. याचे बांधकाम १२०९ साली सुरू झाले आणि लुझिन्यान राजांचा सायप्रसचा राज्याभिषेक येथेच होत असे. तुर्कांनी १५७० साली यास मशीद केले व पश्चिमेकडील अपुऱ्या राहिलेल्या बुरुजांवर दोन उंच मिनार चढविले. इमारत पूर्वेकडे तोंड करून बांधलेली, आणि मक्केची दिशा दक्षिणेकडची. त्यामुळे प्रार्थनेच्या रांगा इमारतीच्या लांबीशी जुळत नाहीत. फ्रेंच कमानी व तुर्की मिनार एकाच भिंतीवर पाहून प्रथम मन गोंधळते. परंतु ही वास्तू कोणाची, असे विचारण्यापेक्षा ती कोणाकोणाची, असे विचारणे अधिक बरे. दक्षिणेत मशीद राहिली, उत्तरेत देवालये राहिली. प्रत्येक बाजूपाशी दुसरीची ठेव आहे.

कॉफीचेही तसेच. लहानशा पितळी भांड्यात उकळून, गाळासह वाढलेली ती कॉफी दोन्हीकडे एकच. दक्षिणेत तिला ग्रीक अथवा सायप्रसी म्हणावे, उत्तरेत तुर्की म्हणावे, इतकाच भेद. येथल्या प्रसिद्ध पनीरास दक्षिणेत 'हलूमी' व उत्तरेत 'हेलिम' म्हणतात; २०२१ साली युरोपीय संघाने त्याची नोंद केली ती दोन्ही नावांनी.

दोन संग्रहालये

विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी गोष्ट आता सांगतो. तटाच्या आत दक्षिण भागात राष्ट्रीय लढ्याचे एक संग्रहालय आहे, आणि उत्तर भागातही राष्ट्रीय लढ्याचे एक संग्रहालय आहे. एकात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या ग्रीक तरुणांची स्मृती जपली आहे. दुसऱ्यात तुर्की लोकांवर ओढवलेल्या संकटांची व त्यांच्या प्रतिकाराची स्मृती आहे. दक्षिणेच्या मनुष्यास दुःखाचे वर्ष विचारले तर तो १९७४ सांगेल. उत्तरेच्या मनुष्यास विचारले तर तो १९६३ सांगेल. दोघेही खोटे बोलत नाहीत. माणसे दोन्ही वेळी मेली, घरे दोन्ही वेळी सुटली. पण एकच संग्रहालय पाहून परतणारा प्रवासी जी हकीकत घरी सांगेल, तिच्यातले प्रत्येक वाक्य खरे असूनही ती हकीकत अपुरी असेल, आणि अपुरी हकीकत अन्यायास कारण होते. म्हणून अशा नगरात जाणाऱ्याने दोन्ही दारांतून आत जावे व बाहेर पडताच निकाल देण्याची घाई करू नये.

समेटाचे प्रयत्नही याच कारणाने अडतात. २४ एप्रिल २००४ रोजी राष्ट्रसंघाच्या योजनेवर दोन्ही बाजूंस निरनिराळे मतदान झाले. उत्तरेत शेकडा सुमारे ६५ लोकांनी होकार दिला, दक्षिणेत शेकडा सुमारे ७६ लोकांनी नकार दिला. त्यानंतर आठवड्याभरातच, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात गेला. रेघ मात्र राहिली.

भूमीखालची एकी

जमिनीवर नगराचे दोन भाग झाले, तरी जमिनीखाली ते एकच राहिले, हे थोड्यांस ठाऊक असते. १९७४ पूर्वी सबंध नगरासाठी सांडपाण्याच्या नळांची योजना आखलेली होती. फाळणी झाली तेव्हा नळांचे मोठे जाळे दक्षिणेत व शुद्धीकरणाची जागा उत्तरेत, असा पेच पडला. एकट्या कोणासही ती योजना चालविता येईना. तेव्हा दक्षिणेचे नगराध्यक्ष लेलोस दिमित्रियादिस व उत्तरेचे नगराध्यक्ष मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ साली एकत्र बसून मार्ग काढला, आणि नगराचे सांडपाणी रेघेखालून वाहू लागले. या दोघांनीच पुढे सबंध जुन्या नगरासाठी एक समाईक आराखडा करविला. दोन्हीकडील जुनी घरे व इमारती दुरुस्त झाल्या, आणि २००७ साली या कामास वास्तुकलेचे आगाखान पारितोषिक मिळाले. २०११ साली दक्षिणेतील मोठे वीजकेंद्र स्फोटाने निकामी झाले, तेव्हा काही काळ उत्तरेकडून दक्षिणेस वीज पुरविली गेली.

याहूनही पवित्र असे एक काम तेथे चालले आहे. १९६३-६४ व १९७४ या काळांतील दंग्यांत व युद्धात बेपत्ता झालेल्या माणसांच्या यादीत २,००२ नावे आहेत; त्यांत १,५१० ग्रीक सायप्रसवासी व ४९२ तुर्की सायप्रसवासी आहेत. त्यांच्या शोधासाठी १९८१ साली एक समिती नेमली गेली. दोन्ही बाजूंचे तरुण शास्त्रज्ञ एकत्र खणतात, आणि सापडलेल्या अस्थी जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाच्या आवारातील प्रयोगशाळेत एकाच मेजावर जुळवितात. एक हजाराहून अधिक माणसांची ओळख पटून त्यांच्या अस्थी घरच्यांच्या स्वाधीन झाल्या आहेत. हाडाकडे पाहून ते ग्रीक की तुर्की हे कोणासही सांगता येत नाही. आणि चाळीस-पन्नास वर्षे दाराकडे डोळे लावून बसलेल्या मातेचे दुःख दोन्ही भाषांत एकच असते.

आपल्या देशाचा वाटा

राष्ट्रसंघाने मार्च १९६४ मध्ये या बेटासाठी शांतिसेना स्थापिली. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्या मागून आलेले जनरल थिमय्या यांनी १९६४ च्या जुलैपासून ती जबाबदारी वाहिली आणि १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. सायप्रस सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. पुढे १९७४ च्या कठीण प्रसंगी सेनापतिपदावर जनरल प्रेमचंद हे भारतीयच होते. त्या वेळी निकोसियाच्या विमानतळासाठी दोन्ही सैन्ये झुंजत असता शांतिसेनेने तो आपल्या संरक्षणाखाली घेतला. जिंकण्यासाठी लढणाऱ्यांची नावे मुलांस पाठ असतात. दोघांच्या मध्ये उभे राहून लढाई थांबविणाऱ्यांची नावेही त्यांस पाठ असावीत.

उपसंहार

रेघ ओढावयास एक हिरवी पेन्सिल व काही क्षण पुरतात. ती पुसावयास दोन पिढ्याही पुरत नाहीत. आणि रेघा काही नकाशावरच असतात असे नाही. गावकुसाच्या आत व बाहेर, आळीआळींत, शाळेतील बाकाबाकांतही त्या ओढल्या जातात. त्या पुसण्याचे सामर्थ्य प्रत्येक वेळी आपल्या हाती नसेल. पण सांडपाण्याच्या नळासारखे साधे, उभयतांस हवेसे वाटणारे एखादे काम मिळून करण्याचे सामर्थ्य बहुधा असते. प्रारंभ तेथून करावा.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी तीन अभ्यास सुचवितो. पहिला : सायप्रसचा नकाशा काढून त्यात दोन डोंगररांगा, निकोसिया व हिरवी रेघ दाखवा. दुसरा : ग्रीक व तुर्की भाषांतून, अथवा अरबी-फारसीमधून, मराठीत आलेले दहा दहा शब्द कोशाच्या साहाय्याने शोधून लिहा. तिसरा : आपल्या गावातील एखाद्या जुन्या तंट्याची हकीकत दोन्ही पक्षांच्या वडीलधाऱ्यांस निरनिराळी विचारा, दोन्ही शब्दशः लिहून काढा, आणि कोण खरे हे न ठरविता, दोन्हींत समान असलेल्या वाक्यांखाली रेघ ओढा. रेघेचा असाही उपयोग करता येतो.